वैद्यांनी न दिलेलं औषध

वेस्ट मांबलमचे आमचे वैद्य नमस्काराआधी समोरच्याची पापणी ओढून डोळा पाहतात. मग तंजावरी मराठीत विचारतात, “कुठल्या कुठल्या गोळ्या खातां, सार?”

गुडघेदुखीच्या गोळ्या मनानेच खाऊन मी पिवळा पडलो, तेव्हा त्यांनी काढा दिला नाही. “लिव्हर आधीच थकलंय. त्यावर माझं ओझं कशाला? पहिलं हॉस्पिटल.” तिथल्या उपचारांनी मी बरा झालो. वैद्यांचं म्हणाल तर पथ्याचा ताकभात तेवढा.

मी मात्र सगळ्यांना सांगितलं, की वैद्यांच्या भुईआवळीच्या काढ्याने वाचलो. हॉस्पिटलमुळे बरं होण्यात सांगण्यासारखं काय असतं?

ते ऐकून माझे साडू काविळीचे चालू उपचार सोडून वैद्यांच्या दारात उभे राहिले. वैद्यांनी दवाखान्याला कुलूप लावलं, त्यांना ऑटोत घालून हॉस्पिटलात नेलं आणि भरती होईपर्यंत बाकावर बसून राहिले. साडू थोडक्यात वाचले.

वैद्य माझ्यावर रागावले नाहीत. भेटले की पापणी ओढून एवढंच विचारायचे, “साडूंना खरं सांगितलं?”

शेवटी सांगितलं. साडू हसले. वैद्यांचा हात लागला म्हणूनच कावीळ उतरली, असं ते आता लोकांना सांगतात आणि साक्षीला माझं नाव घेतात.