धुक्यात थांबलेली जहाजं

धुक्याला वास असतो, हे मला मुलुंडला राहायला आल्यावर कळलं. माझं माहेर ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यात. तिथे उशीपासून वह्यांपर्यंत सगळ्यालाच सुकटीचा वास, त्यात धुक्याचा निराळा कुठून कळायला? इथे मात्र पौषातल्या सकाळी पाचव्या मजल्याची खिडकी उघडली की ओली माती, कुणीतरी पेटवलेला पालापाचोळा आणि दूरच्या कारखान्याचा आंबूस धूर यांचा एक शीतल गंध आत येतो. समोरचे येऊरचे डोंगर निराकार होतात, आणि खालचा रस्ता नुसता ऐकू येतो, दिसत नाही. किती सुंदर, असं मी पूर्वी अगदी मनापासून म्हणत असे. हल्ली धुकं दिसलं की माझा हात आधी फोनकडे जातो.

तुम्हाला खरं सांगू? मोठ्या जहाजांविषयी मी आयुष्यात कधी चांगलं ऐकलं नव्हतं. माझे बाबा पंचाहत्तरीचे, तरी अजून माझ्या धाकट्या भावाबरोबर, हरेशबरोबर, होडीवर जातात. आणि आमच्या ओटीवर बसून त्यांनी जहाजांना दिलेल्या शिव्या एकत्र केल्या, तर एक स्वतंत्र शब्दकोश होईल. समुद्र आमचा, आणि त्यात वाटा ह्यांच्या! जहाजांच्या मार्गात जाळी टाकू नका, होड्या उभ्या करू नका, हे ऐकत ऐकतच त्यांचे केस पांढरे झाले. एकदा बंदरातले अधिकारी कोळीवाड्यात सभा घ्यायला आले होते. दाट धुकं पडलं की मोठ्या जहाजांची ये-जा आम्ही थांबवतो, तुम्हीही जपून राहा, अडचण आली तर फोन करा, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं आणि नंबर छापलेला कागद घरोघर वाटला. बाबांनी त्या कागदावर सोललेली कोलंबी ठेवली. मी शाळेत शिकवते, कुठलाही छापील कागद वाया जाताना मला बघवत नाही. म्हणून दुसरा मागून घेतला आणि पर्समध्ये टाकला. तेव्हा हरेश मला हसला होता.

गेल्या पौषातली गोष्ट. सकाळचे सात वाजून गेले होते, मी पोह्यांना फोडणी देत होते, आणि हरेशचा फोन आला. त्याचा आवाज इतका हळू होता, की मला आधी वाटलं तो घरातूनच बोलतोय आणि बाबा झोपलेत. ते दोघं पहाटे जाळं काढायला गेले होते. ओहोटीच्या ओढीने जाळं जागेवरून सरकलं होतं. त्याच्या मागे मागे जाता जाता धुकं असं दाटलं, की होडीच्या ह्या टोकावरून ते टोक दिसेना. मग जाळ्याचा दोर इंजिनाच्या पंख्यात गुंतला. होडी जाळ्याला बांधल्यासारखी जागच्या जागी उभी, इंजिन बंद, आणि जिथे उभी होती ती जागा म्हणजे मोठ्या जहाजांची वाट. दोर आणि जाळं कापलं तर वल्ही मारून बाजूला होता आलं असतं. पण बाबा कापू देत नव्हते.

हे तुम्हाला विचित्र वाटेल. जीव मोठा की जाळं? पण आमच्या घरात जाळं कापणं म्हणजे भरल्या ताटावर पाय देणं. आमच्या ओटीवर बाबा पावसाळाभर बसून एकेक डोळा विणतात, आजोबा तसेच बसायचे, आणि ते विणताना घरात कुणी मोठ्याने भांडतसुद्धा नाही. फाटलं तर सांधायचं, गुंतलं तर बसून सोडवायचं, पण पातं लावायचं नाही. बाबा होडीच्या मागच्या बाजूला ओणवे होऊन, थंडगार पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून, तो दोर बोटांनी सोडवत बसले होते. आणि धुक्यातून कुठूनतरी एक भोंगा ऐकू येत होता. लांबून की जवळून, ते समजत नव्हतं, असं हरेश म्हणाला.

मी गॅस बंद केला. पर्स उलटी केली. बंदराचा तो कागद सापडत नाही म्हणून मी स्वतःलाच वाट्टेल ते बोलत होते. सापडला. नंबर लागला. पलीकडे एक तरुण, स्थिर आवाज. मी घाईघाईत अर्धं मराठी, अर्धं हिंदी असं काहीबाही बोलले. त्याने मला शांतपणे सावकाश बोलायला लावलं, होडी कुठे असेल, किती जण आहेत, जवळ वाट दाखवणारा एखादा तरंगता बोया दिसतोय का, सगळं विचारून घेतलं. मग त्याने सांगितलं, की धुक्यामुळे मोठी जहाजं सहा वाजल्यापासून थांबवलेली आहेत, एकही हलत नाही. भोंगा वाजतोय तो बाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजाचा.

पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं. धुकं आता विरळ होऊ लागलंय, म्हणाला. बाहेर उभ्या असलेल्या जहाजाचा तळ पाण्यात इतका खोल जातो, की ते फक्त भरतीच्या पाण्यावरच आत येऊ शकतं. ही भरती गेली, तर पुढच्या भरतीपर्यंत त्याला तसंच ताटकळावं लागेल.

“पण तुमची होडी बाजूला झाली असं तुम्ही मला सांगेपर्यंत मी ते सोडणार नाही,” तो म्हणाला. “भरती गेली तर गेली.”

किती साधं वाक्य! ह्या आपल्या उपनगरांत कुणी कुणासाठी थांबतं का हो? साकीनाक्याच्या चौकात हिरवा दिवा लागायच्या आधीच मागचा हॉर्न वाजवतो. रुग्णवाहिकेला वाट देतानासुद्धा लोक तिच्याच मागे गाडी घालून पुढे निसटायला बघतात, आणि खोटं कशाला बोलू, मीही रिक्षावाल्याला ‘चल ना रे, चल ना’ करणारीच. आणि इथे एक अनोळखी माणूस, ज्याला माझ्या बाबांचं नाव माहीत नाही, दोन जिवांच्या एका लाकडी होडीसाठी डोंगराएवढं जहाज समुद्रात थोपवून बसला होता. त्याला वरून किती फोन येत असतील? किती जण घाई करत असतील? आवाजात त्याचा मागमूस नव्हता.

मी हरेशला फोन लावला आणि स्पीकर चालू करायला सांगितला. बाबांना आता ओरडायचं, रडायचं, शपथ घालायची, असं सगळं मी ठरवून ठेवलं होतं. पण प्रत्यक्षात त्या माणसाने जे सांगितलं होतं तेवढंच जसंच्या तसं सांगून टाकलं. होडीला पाणी लागल्याचा आवाज तेवढा येत होता.

मग बाबांनी विचारलं, “भरती चुकवतंय ते? आपल्यासाठी?”

हो, म्हटलं.

भरती चुकणं म्हणजे काय, हे माझ्या बाबांइतकं कुणाला कळणार? पाणी उतरलं की होडी चिखलात बसते. मग दिवसभर किनाऱ्यावर बसून, भरलेल्या टोपल्यांतली मासळी डोळ्यांदेखत नरम पडताना बघावी लागते. तेव्हा बाबा कुणाशी बोलत नसत, जेवतही नसत. जहाजांना त्यांनी नाही नाही ते म्हटलं असेल, पण भरती चुकावी असा शाप त्यांनी वैऱ्यालाही कधी दिला नव्हता.

“हरेश,” ते म्हणाले, “सुरी दे मना.”

नंतर फोनमधून करकर आवाज येत राहिला. नायलॉनचा दोर कापायला वेळ लागतो. जे बोट लावून लावून विणलं, ते बाबा स्वतःच्या हाताने कापत होते, आणि मी इथे मुलुंडात, ओट्याला टेकून, तो प्रत्येक आवाज ऐकत होते. मला त्या जाळ्याचं वाईट वाटत होतं, आणि बाबा वाचणार म्हणून आनंदही होत होता. त्या दोन्हींचं काय करायचं ते मला कळेना. थोड्या वेळाने वल्ह्यांचा आवाज सुरू झाला, आणि मग हरेशने सांगितलं, की लाल बोया ओलांडून ते उथळ पाण्यात आले.

मी देवाचं नाव घेणार, तेवढ्यात बाबांचा आवाज आला. दमलेला, पण चांगलाच चिडका.

“बाय, आमच्याशी काय बोलत बसलीस? त्याला आधी सांग, आमी बाजूला झालो. पानी हाय अजून. सोड म्हनावं जहाज.”

मी फोन लावला. तोच आवाज होता. त्या माणसाला मला किती काही सांगायचं होतं! पण बाबांच्या धाकाने मी आधी निरोप दिला, शब्द न् शब्द तसाच. तो “सोडतो,” म्हणाला, आणि फोन ठेवून कामाला लागला. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले.