माहूरचा तांबूल विद्यापीठात

"मॅडम, वास घ्या," त्या बाई म्हणाल्या आणि स्टीलचा डबा त्यांनी माझ्या टेबलावर उघडून ठेवला.

डब्यात तांबूल होता. माहूरला देवीचा प्रसाद म्हणून विडा कुटून देतात, तो. विड्याची पानं, कात, सुपारी, बडीशेप, लवंग, वेलची असं सगळं एकत्र कुटलेलं. ताजा असला की त्याचा वास खोलीभर होतो. हा ताजा नव्हता. वर पांढरी लव आली होती आणि वास ओल्या गोणपाटासारखा येत होता.

मी मायक्रोबायॉलॉजीची प्राध्यापक. बुरशी आणि जिवाणू हा माझा रोजचा विषय, त्यामुळे किळस आली नाही. विचारलं, "किती दिवसांचा आहे?"

"चौथा दिवस. गिऱ्हाईकानं हैदराबादहून फोटो धाडला. म्हणाला, देवीचा प्रसाद असा देता का? मग मी बी घरी ठेवून पाह्यला. तसंच झालं."

बाईंचं नाव शोभाताई. माहूरला मंदिराच्या वाटेवर त्यांचं तांबुलाचं दुकान. नांदेडला त्या आल्या होत्या मुलीच्या मार्कमेमोवरचं नाव दुरुस्त करायला. डबा बरोबर घेतला होता तो नांदेडातल्या एका नात्यातल्या केमिस्टला दाखवायला. त्यानं हात वर केले. मग परीक्षा विभागाच्या खिडकीवर 'जेवणानंतर या' असं ऐकून त्या आवारात फिरत राहिल्या आणि माझ्या दाराची पाटी वाचून आत आल्या. पाटीवर होतं, 'स्टार्टअप व इन्क्युबेशन केंद्र'.

"इथं धंद्याचं सांगतात ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. खरं तर तोवर आम्ही कुणाला काही सांगितलं नव्हतं.

हे केंद्र माझ्याकडे कसं आलं ते सांगते. विद्यापीठानं आता फक्त शिकवून आणि परीक्षा घेऊन चालणार नाही, उद्योजक झालं पाहिजे, असं वरून पत्र आलं होतं. संशोधनातून पेटंट निघावं, विद्यार्थ्यांनी कंपन्या काढाव्यात, आजूबाजूच्या उद्योगांनी आपल्याकडे यावं. इन्क्युबेशन म्हणजे नव्या धंद्याला सुरुवातीला ऊब देणं, अंडं उबवतात तसं. आमच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायचं जे उबदार कपाट असतं, त्यालाही इन्क्युबेटरच म्हणतात. कुलगुरू सर मला म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे इन्क्युबेटर आहेच. केंद्रही तुम्हीच घ्या." ते विनोद करताहेत असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी ऑर्डर आली.

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायची एक खोली रिकामी करून दिली. रंग दिला. उद्घाटन झालं. त्यानंतर सहा महिने फक्त मुलं येत होती आणि प्रत्येकाला किराणा घरपोच देणारं ॲप काढायचं होतं. शोभाताई ही बाहेरून आलेली पहिली व्यक्ती.

मी करुणाला बोलावलं. करुणा माझ्याकडे पीएचडी करत होती. मूळची जळकोटची, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. तिचा विषय खाद्यपदार्थांवरची बुरशी. फेलोशिप संपत आली होती आणि थिसिसला पुरेल असं काम अजून हातात नव्हतं. तिनं डब्यात पाहिलं आणि तिचा चेहराच खुलला.

शोभाताईंनी तिला आडनाव विचारलं, मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमच्याकडं देवीचं करतात का?"

"नाही ताई, आम्ही बौद्ध आहोत. घरात देवीचं काही नसतं. पण बुरशी सगळ्यांकडे येते," करुणा म्हणाली.

शोभाताई हसल्या आणि डबा तिच्याकडे सरकवला.

पुढच्या पंधरवड्यात करुणानं बुरशी ओळखली. काही विचित्र नव्हतं. ओलावा मिळाला की येते, तीच. पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं बुरशीला वापरता येईल असं मोकळं पाणी किती, हे महत्त्वाचं असतं. जॅममध्ये पाणी असतं, पण ते साखरेनं धरून ठेवलेलं असतं, म्हणून जॅम टिकतो. तांबुलात मोकळं पाणी भरपूर होतं. ते येतं कुठून हे नांदेडला बसून कळणार नव्हतं.

आम्ही किनवटमार्गे माहूरला गेलो. शोभाताईंच्या दुकानात सकाळभर बसून नुसतं पाहिलं. पानं बादलीत धुतली जात होती आणि ओलीच खलबत्त्यात जात होती. उरलेल्या पानांवर ओलं फडकं. ते फडकं संध्याकाळी पिळून परत दुसऱ्या दिवशी तेच. करुणानं त्या फडक्याचा नमुना घेतला. प्रयोगशाळेत त्या नमुन्याची काचेची बशी तीन दिवसांत लोकरीसारखी भरली.

पण माझी उत्सुकता वाढली ती दुसऱ्याच गोष्टीनं. शोभाताईंनी घरच्या देव्हाऱ्यातली एक डबी आम्हाला चाखायला दिली होती. करुणानं तिच्यातलाही चिमूटभर तांबूल तपासला. तो महिन्याभराचा होता आणि स्वच्छ होता.

मी फोन केला. "शोभाताई, हा वेगळा कसा केला?"

"तो व्हय? ती माझ्या सासूची रीत हाय. पानं लवंगेच्या पाण्यात बुडवून काढायची, सावलीत वाळवायची, मग कुटायची. पहिले सगळ्या बाया तसंच करायच्या. आता गर्दी लई असते मॅडम, कोण वाळवत बसंल?"

लवंगेच्या तेलात बुरशीला रोखणारं द्रव्य असतं, हे पुस्तकात आहे. ते या कामाला पुरतं का, हे पाहायचं होतं. करुणानं एकाच दिवशी, एकाच खलबत्त्यात दोन लॉट करून घ्यायचं ठरवलं. एक लवंगेच्या पाण्यातून काढलेल्या पानांचा, एक साध्या पाण्यातून. बाकी काही बदलायचं नाही. साध्या पाण्याच्या लॉटला आम्ही कंट्रोल म्हणतो. तो नसेल तर फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही.

पहिला प्रयोग फसला. करुणानं पानं प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये वाळवली. तांबूल टिकला, पण कडू झाला. शोभाताईंनी तोंडात टाकला आणि बाहेर जाऊन थुंकून आल्या.

"पान मेलं पोरी," त्या म्हणाल्या. "पाणी जायला पायजे, पान ऱ्हायला पायजे."

"पण कधी थांबायचं हे कळतं कसं?"

शोभाताईंनी एक पान उचललं आणि गालाला लावलं. "गार लागलं तर ओलं हाय. गार लागायचं थांबलं की कुटायला घ्यायचं."

करुणानं वही काढली. पुढचे आठ दिवस ती यंत्र घेऊन माहूरला राहिली; पान शोभाताईंच्या गालाला लावायची आणि लगेच यंत्रात घालून ओलावा मोजायची. शोभाताई ज्या पानाला 'झालं' म्हणायच्या, त्या प्रत्येक पानाचा ओलावा जवळपास तोच यायचा. मी तीस वर्षं यंत्रं वापरली आहेत. इतकं स्थिर यंत्र मला फार वेळा भेटलेलं नाही.

दुसऱ्या वेळी लवंगेचा लॉट टिकला आणि चवही राहिली; साध्या पाण्याच्या लॉटवर लव आली. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच.

मी कुलगुरू सरांना सांगायला गेले. ते खुर्चीतून पुढे सरकले. "याचं पेटंट होईल?"

"विचारावं लागेल सर."

"विचारा. पुढच्या मूल्यांकनाच्या आधी आपल्याला एक तरी पेटंट दाखवायचं आहे. आणि एखादा उद्योजकही गाठा."

उद्योजक लातूरहून स्वतःच आले. बसवअप्पा. त्यांचा डाळी आणि चटण्या पाऊचमध्ये भरायचा कारखाना होता. आमच्या एका प्राध्यापकांकडून त्यांना कळलं होतं. अप्पांनी तांबूल खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाले, "मॅडम, माल मी बनवतो, पाऊच माझं, गाड्या माझ्या. तुम्ही फक्त रीत मला द्या. पण मलाच. आणि त्या पोरीला सांगा, पेपर-बिपर छापू नको म्हणावं. छापलं की सगळ्या गावाला कळतंय."

करुणा शेजारी उभी होती. पेपर छापला नाही तर तिचा थिसिस अडणार होता, हे अप्पांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, तरी मी "बघू" म्हणाले.

त्याच आठवड्यात मी फॉर्म भरायला घेतला. पेटंटच्या आधी विद्यापीठात एक फॉर्म द्यावा लागतो, शोध काय आहे आणि कुणी लावला हे सांगणारा. मी शोधाचं वर्णन लिहिलं. संशोधकांच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, खाली करुणाचं. माझ्या मनात काही लबाडी नव्हती. त्या रकान्यात प्राध्यापकांची आणि विद्यार्थ्यांची नावं लिहितात, म्हणून लिहिली. सहीसाठी कागद करुणाकडे दिला.

तिनं तो दोनदा वाचला. सही केली नाही.

"काय झालं?"

"मॅडम, गाल कुणाचा होता?" तिनं विचारलं.

मी कागद परत घेतला. मला खूप ओशाळल्यासारखं झालं. फेलोशिप तिची संपत होती, पेटंटवर नाव लागून फायदा तिचाच जास्त होता, आणि हे तिनं मला विचारावं लागलं.

नवीन फॉर्मवर पहिलं नाव शोभाताईंचं लिहिलं. पदाच्या रकान्यात करुणानं 'तांबूल कुटणे' असं लिहिलं. दोन दिवसांनी फॉर्म परत आला. वर शेरा होता, 'सदर व्यक्ती विद्यापीठाची कर्मचारी अथवा विद्यार्थी नाही. खुलासा करावा.'

खुलासा करायच्या आधी मी पेटंटचं काम करणाऱ्या एका वकिलांना फोन लावला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं.

"ही रीत तुम्ही शोधली का?"

"नाही. ती का चालते, ते शोधलं."

"आणि आधी त्या गावात बऱ्याच जणी असंच करायच्या?"

"हो."

"मग पेटंट मिळणार नाही. परंपरेनं चालत आलेलं ज्ञान आपलं म्हणून नोंदवता येत नाही. तुम्ही नोंदवायला गेलात तर उलट अडचणीत याल."

कुलगुरू सरांना हे सांगायचं काम माझ्यावर आलं. ऐकून त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे एवढं करून हातात काही नाही?"

मी म्हटलं, "सर, शोभाताईंना आणि अप्पांना एकदा समोरासमोर बसवू या."

बैठक कुलगुरूंच्या दालनात झाली. अप्पांनी आपलं म्हणणं परत मांडलं. पेटंट नाही तर नाही, रीत गुप्त ठेवू, मी शोभाताईंना कारखान्यात कामाला ठेवतो. सरांनी मान डोलावली. मग त्यांनी शोभाताईंना विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे?"

चार महिन्यांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा.

शोभाताई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. "मला कामाला न्हाई लागायचं, साहेब. माझं दुकान हाय. आन् गुप्त कशाला ठेवायचं? माझा एकटीचा चांगला राहून काय उपेग? गिऱ्हाईक दुकानाचं नाव न्हाई घेत, माहूरचं घेते. शेजारणीचा नासला तर माझाच नासला. तुम्ही सगळ्या बायांना हे शिकवा. आन् आमचा माल तपासून द्या. विद्यापीठानं तपासला म्हणून कागद द्या. तेवढं पायजे."

"पेपर छापला तर चालेल?" करुणानं विचारलं.

"छाप की. कुणी वाचंल तर कुटंल."

अप्पा उठले. रागावले नाहीत, पण चहा अर्धा ठेवून गेले.

कागद द्यायचं सोपं वाटलं, ते सगळ्यात अवघड निघालं. विद्यापीठाचा शिक्का कुणाच्या मालावर लावता येत नाही, असं कुलसचिव म्हणाले. ते बरोबरच होतं. तपासणीचा अहवाल देता येतो, पण बाहेरच्या माणसाचा नमुना घ्यायची पद्धतच आमच्याकडे नव्हती. नमुना कुठल्या खिडकीवर घ्यायचा, नोंद कुणी करायची, अहवालावर सही कुणाची, काहीच ठरलेलं नव्हतं. एवढं ठरायला तीन बैठका आणि एक उन्हाळा गेला. कुलगुरू सरांनी मात्र ते लावून धरलं. पेटंटचा विषय त्यांनी परत काढला नाही.

माहूरला आम्ही दोन दिवसांचं शिबिर घेतलं. करुणानं ओलाव्याचं यंत्र दाखवलं आणि शोभाताईंनी गाल. बायकांनी अर्थातच गालाची पद्धत उचलली. सगळ्यांनी नाही. काही जणी अजून ओलंच कुटतात. पण तपासणीला नमुने यायला लागले. आधी तांबूल, मग औशाहून कुणाचा गूळ, कुणाचं लोणचं, कुणाच्या शेवया. वर्षभरानं बसवअप्पांची शेंगदाण्याची चटणी आली. अहवालाला उशीर होतो म्हणून त्यांनी फोनवर मला चांगलंच सुनावलं.

करुणाचा पेपर छापून आला. लेखकांमध्ये तिसरं नाव शोभाताईंचं, पत्ता माहूर. जर्नलला प्रत्येक लेखकाचा ईमेल हवा होता, शोभाताईंसाठी त्यांच्या मुलीचा दिला. करुणाला पीएचडी मिळाली. प्राध्यापकाच्या जागेसाठी तिनं दोन मुलाखती दिल्या, तिसरीला गेली नाही. लातूरला तिनं स्वतःची खाद्यपदार्थ तपासणीची लॅब काढली. आमच्याकडच्या नमुन्यांपैकी निम्मे आता तिच्याकडे जातात, कारण तिचा अहवाल लवकर मिळतो.

मी आता निवृत्त झाले आहे. इतर विद्यापीठांतले लोक विचारतात, इन्क्युबेशन सेंटर सुरू करतोय, पहिल्यांदा काय करावं? मी सांगते, जो माणूस अडचण घेऊन येईल, त्याला काय पाहिजे ते पहिल्या दिवशी विचारा. आम्ही ते चार महिन्यांनी विचारलं, तेही दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं म्हणून.