मापाचा ब्लाऊज

एसटीच्या पाट्यांवर शहराचं नवं नाव लागलं, त्या वर्षी पाऊस धड झालाच नाही. दिवाळीच्या तोंडावर दीपमालाच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. द्वारकाबाई आजही कुणाला सांगायला बसल्या की आधी पावसाचंच सांगतात. गाठीपर्यंत यायला त्यांना वेळ लागतो.

दीपमाला त्यांची एकुलती एक लेक. कन्नडजवळच्या खेड्यात वाढली, बारावी झाली, लग्न झालं आणि दोन-तीन वर्षांतच नवरा अपघातात गेला. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. भावकीतल्या बायका म्हणाल्या, आता हिचं सगळं आयुष्य आईच्या चुलीपुढं जायचं. दीपमालानं कुणाला काही न सांगता कंडक्टरच्या भरतीचा अर्ज भरला, आणि काम शोधते म्हणून शहरात जाऊन राहिली. पुढं एकदा कन्नडच्या स्टँडवर बाजाराची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या द्वारकाबाईंना खाकी कुर्त्यातल्या एका बाईनं विचारलं, "मावशी, कुठं जायचं?" द्वारकाबाईंनी गावाचं नाव सांगितलं, आणि मग वर बघितलं. पोरीच्या गळ्यात पैशाची चामडी पिशवी, हातात तिकिटाचं मशीन. "अगं बया, तू व्हय!" एवढंच त्यांना बोलता आलं.

विहीर आटली तशा त्या लेकीकडं चिकलठाण्याला राहायला आल्या. जालना रोडच्या आतल्या बाजूला नव्या इमारती एकीला एक खेटून उभ्या राहत होत्या, त्यातल्या एकीत दीपमालानं दोन खोल्या घेतल्या होत्या. लिफ्ट होती, नळही होते. नळाला पाणी मात्र आठवड्यातून एकदा, तेही आलं तर आलं.

ऑपरेशन झालं, स्तन राखून कॅन्सरची गाठ काढली, काखेतल्या रसग्रंथींच्या गाठीही काढल्या, मग रेडिएशनचे शेक झाले. डॉक्टरांनी बजावलं होतं, हात सुजू शकतो, जपा. द्वारकाबाई रोज लेकीचे दोन्ही हात शेजारी शेजारी धरून बघायच्या. हात चांगला राहिला. सुजली ती छाती. मग काखेखालची कूस, आणि तिथून पाठीकडची बाजू. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तो भरून यायला वेळ लागायचा. शरीरातला जो द्रव काखेतल्या त्या काढलेल्या गाठींमधून वाहून जायचा, त्याला आता वाट उरली नव्हती. तो जागीच साचत होता.

"बघ माय," दीपमाला म्हणाली, "सगळ्या मराठवाड्यात टँकर लागले आणि पाणी साचलंय कुठं, तर माझ्या अंगात."

द्वारकाबाईंना हसू आलं नाही.

खरी अडचण पिशवीची होती. कंडक्टरची पिशवी खांद्यावरून छातीवर आडवी येते. उजव्या खांद्यावर अडकवली तर पट्टा नेमका डाव्या कुशीवर घासतो, डाव्या खांद्यावर अडकवली तर छातीवरून जातो. रजा संपत आली होती. आगारात दीपमाला बसून करायचं काम मागायला गेली, तर साहेब म्हणाले, "टेबलाच्या जागा भरलेल्या आहेत, ताई. रस्त्यावर जमत नसेल तर तसं लिहून द्या." तसं लिहून दिलं की काय होतं हे दीपमालाला ठाऊक होतं. नोकरी गेली की चिकलठाणा गेलं, आणि मग पुन्हा तीच चूल.

हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपीच्या मनस्विनी मॅडम म्हणाल्या, दिवसभर अंगावर सारखा दाब राहिला पाहिजे, तसा खास कपडा मिळतो, तो घालून काम जमेल. द्वारकाबाईंनी यातला 'दाब' हा एकच शब्द धरला, आणि मायलेकी शहागंजला गेल्या.

तिथं ब्रांचे ढीग रस्त्यापर्यंत आलेले. विकणारे सगळे पुरुष. दीपमाला, जी गच्च भरलेल्या गाडीत दारुड्याला कॉलर धरून खाली उतरवायची, ती तिथं पदर नसताना पदर सावरल्यासारखा हात छातीशी धरून उभी राहिली. बोलणं द्वारकाबाईंनाच करावं लागलं.

"दाबाचं पायजे. डॉक्टरनं सांगितलेलं."

"डॉक्टरवाला माल अपने पास नहीं, खाला," दुकानदार ढिगात हात घालत म्हणाला. "टाइट होना ना? एक नंबर छोटा ले जाओ."

एक नंबर छोटी घेतली. दोन दिवसांनी मनस्विनी मॅडमनी कुर्ता वर करून बघितला. खालच्या पट्ट्यानं कातडीत दोरी रुतावी तसा वळ उठला होता, आणि वळाच्या वरचा भाग आणखी फुगला होता.

"काकू, शेतात बांध घातला की पाणी कुठं थांबतं?"

"बांधाच्या वर."

"मग हा पट्टा म्हणजे तुम्ही बांधच घातला. हिला रुंद कपडा पाहिजे, काखेत वरपर्यंत जाणारा, खाली कंबरेपर्यंत येणारा. शिवण टोचायला नको, कुठं आवळायला नको. इथं तयार मिळत नाही, मापावर बाहेरून मागवावा लागतो. मी एका प्रशिक्षणाला चाललेय, परत आले की स्वतः मापं घेते."

मॅडम यायला अवकाश होता आणि ड्युटीची तारीख जवळ येत होती. द्वारकाबाईंना घरात बसवेना. पोरगी उन्हाळ्याच्या झळांत एका कुशीवर पडून छताकडं बघत राहायची आणि त्या उगाच भांडी इकडची तिकडं करायच्या. शेवटी हॉस्पिटलाजवळच्या एका सर्जिकलच्या दुकानात त्यांनी लेकीला नेलंच.

दुकानाचे मालक मुकुंदराव पन्नाशीचे, सज्जन. कमरेचे पट्टे, गळ्याचे पट्टे, हाताचे मोजे सगळं त्यांच्याकडं होतं. छातीचं म्हटल्यावर ते काउंटरवरच्या काचेकडं बघून बोलायला लागले.

"मागवून देतो ना. फक्त मापं लागतील. बऱ्याच ठिकाणची असतात." त्यांनी टेप काढला आणि पुन्हा खणात ठेवला. "आमच्याकडे बाईमाणूस नाही हो, ताई."

मायलेकी जायला वळल्या. मग मुकुंदरावच म्हणाले, "असं करा, मापाचा ब्लाऊज आणून द्या. त्यावरून घेतो मी मापं."

मायलेकींनी एकदमच मोकळा श्वास घेतला. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. जन्मभर असंच तर चाललेलं; गावचा शिंपी काय नि शहरातला टेलर काय, आपण मापाचा ब्लाऊज द्यायचा, त्यानं त्यावरून बेतायचं. परक्या पुरुषाच्या टेपखाली कोण उभं राहतं?

कपाट उघडून ब्लाऊज काढला तो द्वारकाबाईंनी. दीपमाला नोकरीवर कुर्ता घालायची, पण सणावाराला साडी नेसायची. वरचा ब्लाऊज ढगळ होता, दुखायला लागल्यापासून तिनं उसवून मोठा केलेला. तो घडी करून पाठवायचं द्वारकाबाईंच्या जिवावर आलं. खाली एक मोरपंखी होता, चुलत भावाच्या लग्नातला. त्यात लेक कशी उठून दिसली होती! लोकांना माप द्यायचं तर चांगल्या अंगाचं द्यावं, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी मोरपंखी ब्लाऊज पिशवीत घातला. दीपमालानं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

कपडा आला तो जाड, कातडीच्या रंगाचा, नव्या रबराचा वास मारणारा. घालायला दोघी लागल्या. उन्हानं खिडकीवरचे पत्रे तडतडत होते, पावडर लावली तरी घामानं कापड सरकेना. एक हूक लागला की दुसरा सुटायचा.

"श्वास आत घे, दिपे."

"घेतलाय. आता सोडू का नको ते सांग."

कसाबसा बसला. आणि बसल्यावर द्वारकाबाईंना दिसलं, की तो मोरपंखी ब्लाऊजासारखाच होता. तेवढाच आखूड, काखेत तेवढाच खोल कापलेला. कुशीवरची सूज त्याच्या खालून बाहेर आली होती, काखेतली कडेनं. दिवसभर दीपमालानं ओठ दाबून तो अंगावर ठेवला. संध्याकाळी काढला तेव्हा कूस एका बाजूला टोपल्यासारखी झाली होती.

मनस्विनी मॅडम परत आल्या त्या दिवशी दोघी गेल्या.

"माप कुणी घेतलं?"

द्वारकाबाई फरशीकडं बघत राहिल्या.

"ब्लाऊज दिला होता, मॅडम," दीपमाला म्हणाली. "आमच्यात तसंच असतं."

"कुठला ब्लाऊज?"

दीपमालानं आईकडं बघितलं. त्या क्षणी तिला कळलं असावं, कारण ती घाईघाईनं म्हणाली, "होता एक. मीच दिला."

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर द्वारकाबाईंना बरं वाटलं असतं. मॅडमनी पडदा ओढला, टेप काढला आणि स्वतः मापं घेतली. काखेखाली, कुशीवर, कंबरेशी. नवा कपडा यायला बरेच आठवडे लागणार होते. अंगाला लागलेला जुना कुणी परत घेणार नव्हतं. तोवर तोच चालवायचा म्हणून त्यांनी त्याच्या कडेला लावायला मऊ स्पंज कापून दिला, अंगावरून हलका हात कसा फिरवायचा ते दाखवलं, आणि म्हणाल्या, "लई टोचलं तर काढून टाका. उन्हात जास्त फिरू नका."

"कंडक्टर हाय मी, मॅडम," दीपमाला हसून म्हणाली. "उन्हातच फिरते."



पहिल्या ड्युटीला द्वारकाबाई कन्नडच्या गाडीत जाऊन बसल्या. लेकीनं नको म्हटलं होतं, तरी. लग्नसराई, गाडी खचाखच. दीपमालानं पिशवी आडवी न घालता नुसती उजव्या खांद्यावर टाकली होती. पिशवी दर दोन तिकिटांना घसरायची, आणि दीपमाला ती उचलून घ्यायची. फिरत फिरत ती आईपुढं आली.

"तिकीट."

"मला पण?"

"तुला पण. बायांना अर्धं हाय, तेवढी सवलत घे सरकारची." शेजारच्या बाया हसल्या.

द्वारकाबाई हळूच म्हणाल्या, "ती पिशवी दे इकडं. मी मांडीवर धरते."

"सरकारी पिशवी हाय माय. दुसऱ्याच्या मांडीवर दिसली तर मला घरीच बसवतील."

दौलताबादचा चढ लागला तसा खिडकीतून भाजका वारा आत यायला लागला. वेरूळला निम्मी गाडी रिकामी झाली, तेव्हा दीपमाला पहिल्यांदा आपल्या सीटवर बसली. तिनं तोंड खिडकीकडं केलं आणि कुर्त्याच्या बाजूनं दोन बोटं आत घालून कापडाची कड कातडीपासून जरा उचलून धरली. डोळे मिटलेले. पुढचा थांबा येईपर्यंत ती तशीच बसून होती. द्वारकाबाईंचे हात मांडीवर एकमेकांत अडकले होते.

कन्नडला ड्रायव्हर फकिरा खाली उतरला. "मावशी, चहा घेता का? ताई, तुम्ही?" दोघींनी नको म्हणून मान हलवली. तो गेल्यावर दीपमाला आईसमोर उभी राहिली. चेहरा घामानं निथळत होता.

"तू उद्यापासून येऊ नको."

"मी काय करते गं? नुसती बसते."

"बसतेस, पण बघतेस. तू बघायला लागलीस की मला जास्त दुखतंय." आवाज रागाचा नव्हता. थकल्याचा होता. "तुझ्यासमोर मला धड कण्हता पण येत नाय."

 परतीला गाडी पुन्हा भरली. द्वारकाबाई आपणहून उठल्या आणि शेवटच्या बाकावर कोपऱ्यात जाऊन बसल्या. तिथून नुसती डोकी दिसत होती, टोप्या, गजरे, वर धरलेले हात. लेक दिसत नव्हती. मशीनमधून तिकीट निघताना होणारी खरखर मात्र ऐकू येत होती, आधी पुढं, मग जराशी जवळ. मधेच ती खरखर थांबली की द्वारकाबाई पुढच्या बाकाची दांडी धरून अर्ध्या उठायच्या. पुन्हा सुरू झाली की बसायच्या.