डोंगर नसलेला ज्वालामुखी

लखनऊच्या आमच्या घरात मराठी बोलतो ते मी आणि बायको. मुलगी मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. दगडांचा अभ्यास हा माझा पोटापाण्याचा उद्योग, त्यातही सह्याद्रीच्या काळ्या दगडाचा. त्यामुळे तिनं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी थर्माकोलचा डोंगर करून त्याच्या तोंडात खायचा सोडा भरला, तेव्हा मी गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"आपल्याकडचा लाव्हा असल्या डोंगरातून नाही आला. जमिनीच्या भेगांतून आला आणि पसरत गेला."

"पापा, सब यही बना रहे हैं।"

"म्हणूनच!"

डोंगर माळ्यावर गेला. मी प्लायवूडच्या फळीला भोक पाडलं, खालून रबरी नळी लावली, नळीला नरसाळं. त्यातून वितळलेलं मेण सावकाश सोडायचं. तिचं मॉडेल जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी निवडलं जावं, एवढीच तिची इच्छा होती. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेना.

प्रदर्शनाच्या दिवशी छावणीतल्या तिच्या शाळेत आजूबाजूच्या टेबलांवर डोंगर फसफसत होते. आमच्या फळीवर मेणाची एक जीभ निघाली, वीतभर सरकली आणि जानेवारीच्या गारठ्यात थिजली.

"अंकल, ये फटेगा कब?" एका पोरानं विचारलं.

"बेटा, ये फटता नहीं, फैलता है।"

पोरगं शेजारच्या टेबलावर गेलं.

मग परीक्षक बाई आल्या. मुलगी सांगू लागली, "ऊपर की परत जम जाती है, अंदर लावा गरम रहता है..."

"लेकिन ये तो रुक गया है न?"

इथे शहाण्या बापानं खिडकीबाहेर बघावं. मी म्हणालो, "रुका नहीं मैडम, परत देखिए कितनी सख़्त है!" आणि मेणाच्या थिजलेल्या सालीवर अंगठा दाबला.

साल फुटली. गरम मेण अंगठ्यावरून स्वेटरच्या बाहीत शिरलं, उरलेल्याची नवी जीभ फळीवरून निघाली आणि मी जे ओरडलो ते शास्त्रीय नव्हतं. "फट गया! फट गया!" करत सगळे डोंगर सोडून पोरं आमच्याकडे धावली.

मुलीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "देखिए मैम, पीछे से लावा आता रहता है, तो परत फूलती है, फिर किनारे से फटती है और नई जीभ निकलती है। ऐसे ही जीभ पर जीभ चढ़कर पूरा मैदान बनता है।" मग म्हणाली, "वैसे अपने आप फटती है। आज पापा ने जल्दी कर दी।"

बाई हसल्या. मॉडेल निवडलं गेलं.

घरी येताना स्कूटरवर मागून आवाज आला.

"बाबा, जिल्ह्याला आई येईल. तू घरीच थांब."

अख्खं वाक्य मराठीत होतं, आणि त्यात एकही चूक नव्हती.