हुलगा मॅडमचं माडगं

"जेवलात का?" असं कुणी सहज विचारलं, तरी हुलगा मॅडम म्हणायच्या, "जेवले. अंगी किती लागलं ते माहीत नाही." अन्नतंत्र महाविद्यालयात राहून दुसऱ्याचा घास इतका कडू करणारं माणूस मी, तिथला ग्रंथपाल, दुसरं पाहिलं नाही.

नाव पोरांनी ठेवलेलं, पण कारण होतं. ड जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नाही; तेलातुपाशिवाय ते शरीरात नीट शिरत नाही. मॅडमनी हुलग्यातलं, म्हणजे कुळथातलं, प्रथिन वेगळं काढलं आणि त्याच्या बारीक कणांत ते बसवलं. ती पावडर पाण्यात सहज मिसळायची. "हुलगा म्हणजे टेम्पो," त्या सांगायच्या. "माल मुक्कामी उतरतो का, ते बघायचंय अजून." उंदरांवरची चाचणी झाली होती, माणसांवरची व्हायची होती.

प्राचार्यांना तेवढा धीर नव्हता. त्यांनी पावडरीच्या उद्घाटनाला मंडप घातला, फेटे मागवले आणि प्रमुख पाहुण्यांनी सर्वांदेखत पेलाभर पाण्यातून पावडर प्यायची असं ठरवलं. मॅडमनी मुकाट्याने घरून हुलग्याच्या पिठाचं साधं माडगं करून आणलं. त्यात पावडरीचा कणही नव्हता. पाहुणे ते पिऊन माइकवर म्हणाले, "अंगात तरतरी आली. आत्ताच फरक पडला." सर्वात जोरात टाळ्या मॅडमनी वाजवल्या.

संध्याकाळी मी त्यांना केडगावला घरी सोडलं. थोरले भाऊ, दादा, त्यांच्याकडेच असत. स्वादुपिंडाच्या कॅन्सरने त्यांना तेलतूप पचेनासं झालं होतं. मॅडमनी पाहुण्यांची नक्कल केली, तेव्हा दादांना हसून हसून ठसका लागला.

"लई भारी, तायडे. मंग मला खरी दे की."

मॅडमचं हसू गेलं. "न्हाई दादा. माणसाला चालती का, मलाच ठाव न्हाई."

"मी उंदरापरीस गेलेला हाय व्हय?"

ड जीवनसत्त्वाची इंजेक्शनं चालूच होती, तरी हाडं दुखायची थांबत नव्हती. दादा रोज पावडर मागत, मॅडम रोज नाही म्हणत. त्यांच्या जागी मी असतो तर दिली असती. मी ग्रंथपालच राहिलो ते बरं झालं.

शेवटी शेवटी दादांनी मागणंही सोडलं. मी भेटायला गेलो, तर मॅडम स्वयंपाकघरात डब्यातलं हुलग्याचं साधं पीठ शिजवत होत्या. कप घेऊन त्या आत गेल्या. "आनली बघ, दादा. खरी."

दादांनी चमच्याचमच्याने कप संपवला. ओठ पुसले. कप बहिणीच्या हातात दिला.

"बरं वाटतंय, तायडे. आत्ताच फरक पडला," ते म्हणाले. "त्या पाव्हण्याला पडला हुता ना, अगदी तसाच."

दादा त्याच आठवड्यात गेले. आता कुणी "जेवलात का?" विचारलं, तर मॅडम नुसतं "हो" म्हणतात.