ताई पुलावरूनच गेली होती

राग गिळावा, असं आमच्या घरात सगळेच सांगतात. मी गिळला नाही, जपून ठेवला.

माझी मोठी बहीण महापालिकेच्या शाळेत शिकवते. पन्नाशीला टेकल्यावर ती पळायला लागली आणि रनिंग क्लबच्या शर्यतीत तिच्या वयोगटात पहिली आली. क्लबचे कॅप्टन म्हणजे हजीऱ्याच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर असलेले गृहस्थ. त्यांनी सगळ्यांच्या घड्याळांनी नोंदवलेल्या मार्गांचे नकाशे मागवले आणि ताईचा तेवढा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. रेघ पूल सोडून सरळ तापीतून गेली होती. खाली लिहिलं होतं, "बेन तो होडीमां बेसीने आव्यां!" बाई होडीत बसून आल्या, म्हणून सगळा ग्रुप हसला. ताईचं नाव निकालातून गेलं. शाळेतल्या बायकाही विचारायला लागल्या, खरंच रिक्षा केली होती का? ताईने पळणंच सोडलं.

त्या दिवशी मी त्याच पुलावर तिच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन उभी होते. पण बहिणीची साक्ष कोण धरतो?

घड्याळात खरी नोंद असणारच. घड्याळाच्या कंपनीला विचारलं, तर ती फाइल ग्राहकांसाठी नसते, असं गोड उत्तर आलं. मग मी कंपनीवरही दात धरला. केबल लावून फाइल काढली, तर आत नुसते आकडे, काही अर्थ लागेना. सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं रोजचं काम आहे. कुठला आकडा कशाचा हे कळायला एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. म्हणून बमरोलीला मिलमागच्या मोकळ्या जागेत ताईचं घड्याळ बांधून मी आधी फक्त उत्तरेकडे चालले, मग फक्त पूर्वेकडे, मग एका जागी ढिम्म उभी राहिले. दर वेळी कोणते आकडे हलले ते पाहिलं. वॉचमनने विचारलं, "मॅडम, कुछ गिर गया क्या?"

"गिरा नहीं," मी म्हटलं, "किसी को गिराना है।"

पहिल्या खेपेला अक्षांश-रेखांश उलटे धरले गेले आणि ताई नॉर्वेच्याही वर, समुद्रात पळताना दिसली. ते दुरुस्त केल्यावर ती पुलावर आली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, ठिपक्याला ठिपका लागून. नकाशा हलका राहावा म्हणून घड्याळाचं ॲपच मधले ठिपके गाळून सरळ रेघ ओढत होतं.

हे ग्रुपवर टाकलं असतं, तर दोन-चार अंगठे मिळून विषय मिटला असता. मला तो मिटवायचा नव्हता. मी लिंबायतमध्ये वाढदिवसाचे फ्लेक्स छापणाऱ्याकडे गेले. वर ताईचा फोटो, मध्ये तिचा खरा मार्ग आणि 'प्रथम क्रमांकाबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुक म्हणून एकच फोटो, कॅप्टनचा, हात जोडलेला. डोकं त्यांचं होतं, हात छापणाऱ्याने दुसऱ्या कुठल्या तरी नेत्याचे लावले. क्लब जमतो तिथे नाश्त्याला लोचो विकणाऱ्याला विचारून मी तो फ्लेक्स त्याच्या गाडीशेजारी बांधला.

रविवारी लोक कॅप्टनचंच अभिनंदन करत होते, किती मोठं मन म्हणून. फ्लेक्स फाडावा तर स्वतःचंच तोंड फाटणार. संध्याकाळी ते घरी आले आणि हळूच म्हणाले, "सॉरी बेन, भूल थई गई."

ताईने त्यांच्याच भाषेत सुनावलं, "ज्यां हस्या, त्यां लखो." जिथं हसलात, तिथं लिहा.

त्यांनी आमच्या सोफ्यावर बसून ग्रुपवर माफी लिहिली आणि ताईचं नाव निकालात परत घातलं. मला काय गार वाटलं म्हणून सांगू! मी चहासुद्धा विचारला नाही.

आठवड्याने ताई म्हणाली, "आता काढ गं तो फ्लेक्स. मी माफ केलंय त्यांना."

"तू केलं असशील," मी म्हटलं. "मी नाही केलं."