चौकशीच्या खिडकीतून कस्तूर

अहमदपूरच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या मामांचं नाव मी कधी विचारलं नाही. गाडीचं विचारलं की मान न वळवता ते "येऊन राहिली" म्हणत, कारण नजर कडुलिंबाच्या सावलीत पानं उलटणाऱ्या कस्तूर पक्ष्यावर असे.

"ह्याला काळी टोपी हाय. चुलत भावाला टोपी न्हाई, पोट पांढरं," असं ते दोन हिवाळे मला शिकवत होते.

काल तोच पक्षी सावलीतून उन्हात आला. टोपी नव्हती आणि पोट पांढरंशुभ्र होतं.

मामांनी घाम पुसून माईक सुरू केला. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. काळ्या टोपीचा कस्तूर पांढऱ्या पोटाचा निघाला हाय. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

आमची लातूर गाडी तीन तासांनी आली. तिच्याबद्दल माईक गप्पच होता.